पुढचा सेन्सर थोरल्याचा

जयसिंगराव आणि यशोवर्धन मोहिते या सख्ख्या भावांनी वडिलांच्या मागे शामियान्याचा धंदा वाटून घेतला, तो इतक्या न्यायानं की त्यात दोघांचंही भलं व्हायची शक्यता उरली नाही. थोरल्या जयसिंगरावांकडे मांडव आले, म्हणजे कापडं, झालरी आणि लोखंडी खांब. धाकट्या यशोवर्धनकडे खुर्च्या, टेबलं आणि स्वयंपाकाची मोठी भांडी. जे. पी. नगरात कुणाच्या घरी बारसं निघालं की त्या माणसानं सावलीसाठी मोहित्यांच्या तळमजल्यावर जायचं आणि त्या सावलीत बसायला काही हवं असेल तर जिना चढून वर. बरीच माणसं हा जिना टाळून सरळ दुसऱ्या दुकानात जात. पण तत्त्वाचा प्रश्न असल्यामुळे दोघा भावांना त्याचं काही वाटत नसे.

तत्त्व असं होतं. वडिलांचं वर्षश्राद्ध झाल्यावर यशोवर्धननं दुकानाची जुनी पाटी उतरवली आणि 'मोहिते ईव्हेंट्स' अशी नवी चढवली. जयसिंगराव म्हणाले की आपण लोकांच्या दारात खांब रोवतो, त्याला ईव्हेंट म्हणत नाहीत. यशोवर्धन म्हणाला, मग तू खांबच रोव. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलले नव्हते, आणि त्याला आता चार वर्षं होत आली होती. मोहिते घराणं शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आलं असं जयसिंगराव गिऱ्हाइकांना सांगत. फौजेचं काय झालं माहीत नाही, पण माघार घ्यायची नाही ही शिस्त घराण्यात अजून शाबूत होती.

बोलायचं नाही म्हटलं तरी एका छपराखाली सांगण्यासारखं पुष्कळ असतं. ते काम जयसिंगरावांच्या बायकोकडे, कावेरीकडे आलं. यशोवर्धनची बायको आश्लेषा कोरमंगल्यात नोकरीला होती. ती सकाळी निघायची आणि ट्रॅफिक संपल्यावर परतायची, म्हणजे जवळजवळ परतायचीच नाही, त्यामुळे ती या कामातून सुटली. कावेरी घरातच असायची. पाण्याची मोटर कधी लावायची, गच्चीची किल्ली कुणाकडे, हे सगळं ती वरून खाली आणि खालून वर पोचवायची. पुष्कळदा ज्याला निरोप द्यायचा तो माणूस हाताच्या अंतरावर उभा असायचा आणि त्यानं तो मूळ आवाजातच ऐकलेला असायचा. तरी कावेरीनं तो परत सांगेपर्यंत तो ऐकला असं धरत नसत.

वाटणीत न बसलेली एकच वस्तू होती, वडिलांची पिकअप. पेट्रोलवर चालणारी, जुनी, पांढरी म्हणून घेतलेली आणि आता चहाच्या रंगाची. तिचे दोन भाग करता येईनात म्हणून आठवड्यांचे केले. एक आठवडा मांडवाचा, एक खुर्च्यांचा. रविवारी संध्याकाळी किल्ली कावेरीच्या स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर यायची आणि सोमवारी दुसऱ्या भावाकडे जायची.

या पिकअपच्या डॅशबोर्डवर एका रविवारी संध्याकाळी इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दिव्यानं जरा विचार करून दुसरा कुठलाही वार निवडला असता तर पुढचं बरंच टळलं असतं. जयसिंगरावांचं म्हणणं, दिवा धाकट्यानं लावून ठेवला. यशोवर्धनचं म्हणणं, मी किल्ली खिळ्याला लावली तेव्हा दिवा नव्हता, पुढं काय झालं ते तळमजल्याला माहीत. मेकॅनिककडे जो आधी जाईल त्यानं गुन्हा कबूल केल्यासारखं होणार होतं, म्हणून कुणीच गेलं नाही. जयसिंगरावांनी दिव्यावर तुळजाभवानीचा स्टिकर चिकटवला. मागून पिवळा उजेड आल्यामुळे देवी फार प्रसन्न दिसू लागली. यशोवर्धन आपल्या आठवड्यात तो स्टिकर काढून कपाळाला लावायचा आणि काचेवर चिकटवायचा. पुढच्या आठवड्यात देवी परत दिव्यावर.

हळूहळू गाडी पेट्रोल प्यायला लागली. पूर्वी जेवढ्यात होसकोट्याला जाऊन येणं व्हायचं, तेवढ्यात आता जाणंच व्हायचं. चढावर गाडी खोकायची, मागून काळा धूर निघायचा आणि सिग्नलला शेजारचे स्कूटरवाले नाकाला रुमाल लावायचे. एवढ्या पुराव्यावरून दोघा भावांनी एकच निष्कर्ष काढला. दुसरा पेट्रोल चोरतो. जयसिंगरावांनी टाकीच्या झाकणाला कुलूप बसवलं. यशोवर्धननं हा अपमान असल्याचं कावेरीमार्फत कळवलं आणि पहिल्या मजल्यावरून गाडीवर रोखलेला कॅमेरा बसवला. मग जयसिंगरावांनीही तळमजल्यावरून एक बसवला. दोन्ही कॅमेऱ्यांत महिनाभर कावेरी कपडे वाळत घालताना दिसली. चोर काही दिसला नाही, त्यावरून तो किती सराईत आहे हे दोघांनाही कळून आलं.

शेवटी गाडी धुराच्या तपासणीत नापास झाली. तपासणीवाल्यानं नळी मागं लावली, आकडे पाहिले, नळी काढली आणि आधी इंजिन दाखवून आणा म्हणाला. सर्टिफिकेट नाही म्हणजे गाडी रस्त्यावर काढायची नाही. आणि नेमकं तेव्हाच होसकोट्याचं काम आलं होतं. कावेरीचे मावसभाऊ नरसिंहराव यांनी तिथं नवं घर बांधलं होतं आणि गृहप्रवेशाला त्यांना मांडव हवा होता, खुर्च्याही हव्या होत्या. नातं कावेरीचं, त्यामुळे दोघांनाही नाही म्हणता येईना.

कावेरीनं स्वतःच कोपऱ्यावरच्या गुरुप्रसादला बोलावून आणलं. त्याचं गॅरेज लहान होतं आणि वाद टाळण्याची कला मोठी. त्यानं स्कॅनर जोडला आणि कानडीत सांगितलं ते असं, की गाडीला दोन ऑक्सिजन सेन्सर असतात. पुढचा इंजिनातून निघालेल्या धुराचा वास घेतो आणि पेट्रोल जास्त झालं की कमी, ते इंजिनाला कळवतो. मागचा सेन्सर धूर साफ करणाऱ्या डब्याच्या पलीकडे बसतो आणि डबा नीट काम करतो का तेवढं बघतो. दोन्ही म्हातारे झालेत. पुढच्याला वास यायला एवढा वेळ लागतो की इंजिन अंदाजानं पेट्रोल ओतत सुटलंय. कुणी चोरत नाही, गाडीच पितेय.

कावेरीनं हा निरोप खाली सांगितला, वर सांगितला. चोर सापडला याचा आनंद व्हायला हवा होता. पण इतके दिवस जपलेला संशय असा एका यंत्रानं हातातून काढून घ्यावा, हे दोघांच्याही जिवाला लागलं. यशोवर्धननं कॅमेरा काढला, पण तार भिंतीवर तशीच ठेवली. पुढं लागली तर असावी.

सेन्सर दोन आणि भाऊ दोन, त्यामुळे प्रश्न सुटला असं एखाद्या परक्या माणसाला वाटलं असतं. जयसिंगरावांनी जाहीर केलं की पुढचा सेन्सर मी आणणार, कारण मी थोरला. यशोवर्धननं वरून कळवलं की खरं म्हणजे मागचाच थोरल्याला शोभतो, कारण काम पुढच्यानं करायचं आणि मागं बसून चुका मागच्यानं काढायच्या. कावेरीनं यातलं शेवटचं वाक्य खाली नेलं नाही. ते जिन्यातून आपोआप खाली गेलं. त्यामुळे पुढचा सेन्सर जयसिंगरावांकडेच राहिला, आणि आता तर त्यांनी तो प्राण गेला तरी सोडला नसता.

गुरुप्रसादनं मात्र एक सेन्सर बसवायला साफ नकार दिला. "एरडू तन्नि, आमेले बन्नि," एवढंच तो म्हणाला. दोन्ही आणा, मग या. दोघांनी मिळून त्याच्या दारात जायचं म्हणजे मिळून जायचं, आणि तेच तर शक्य नव्हतं. तेव्हा जयसिंगरावांनी ठरवलं की आपला सेन्सर आपण बसवू. आयुष्यभर खांब रोवलेल्या माणसाला एक नट फिरवणं काय अवघड? गुरुप्रसादनं सेन्सरची तार आत बसेल अशी खाच असलेलं सॉकेट उसनं दिलं आणि घाईनं शटर ओढलं.

शनिवारी सकाळी जयसिंगराव लुंगी खोचून पिकअपखाली शिरले. वर गॅलरीत यशोवर्धन कॉफीचा पेला घेऊन उभा राहिला. तो सहज उभा होता, फक्त खुर्ची मागवून उभा होता. जयसिंगरावांनी सॉकेट लावलं आणि जोर केला. सेन्सर हलला नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं त्याचे आटे पाइपाला असे धरून बसले होते की त्या घरात तेवढेच काय ते एकमेकांना धरून होते. जयसिंगरावांनी सॉकेटला लोखंडी नळी जोडून परत जोर केला. सॉकेट सटकलं, कोपर आपटलं.

यशोवर्धननं याचे व्हिडिओ पाहिले होते. तो गॅलरीतून म्हणाला, "वैनी, इंजिन स्वल्प गरम असताना सुटतो म्हणून सांगा."

कावेरी दारात मेथी निवडत बसली होती. तिनं मान न उचलता सांगितलं, "अहो, इंजिन गरम असताना सुटतो म्हणे."

जयसिंगराव गाडीखालून म्हणाले की हे मला माहीत होतं, मी तेच करणार होतो. मग ते बाहेर आले, इंजिन चालू केलं आणि धाकट्यानं सुचवलंय तर थोरल्यानं ते मोठ्या प्रमाणावर केलं पाहिजे म्हणून ॲक्सिलरेटर दाबून बसले. सगळ्या गल्लीत काळा धूर झाला. समोरच्या घराच्या खिडक्या एकामागून एक लागल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी इंजिन बंद केलं, खाली शिरले, आणि नळीवर जोर देताना त्यांचं मनगट सायलेन्सरच्या पाइपाला चिकटलं.

ते ओरडले नाहीत. नुसता श्वास आत ओढल्याचा आवाज आला आणि सॉकेट फरशीवर पडलं. पण वर तेवढं ऐकू गेलं. यशोवर्धन पेला कठड्यावर ठेवून जिना उतरला, की उडी मारून आला, हे कावेरीला नंतरही आठवेना. त्यानं भावाला खांद्याला धरून बाहेर ओढलं आणि अंगणातल्या नळाखाली त्याचा हात धरला. हात धरून ठेवत तो म्हणाला, "अण्णा, स्वल्प म्हटलं होतं मी. स्वल्प."

"मला कुणी स्वल्प सांगितलं नाही," जयसिंगराव म्हणाले.

चार वर्षांनंतर मोहिते बंधूंमध्ये झालेलं संभाषण हे असं होतं. त्यावर दोघांनी मिळून कावेरीकडे पाहिलं. दोघांनी मिळून केलेली ही बऱ्याच काळातली पहिली गोष्ट.

कावेरी मेथीची जुडी तशीच टाकून उभी राहिली होती. तिचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "मीच टाकला तो शब्द. चार वर्षं तुमचे शब्द उचलतेय मी. एखादा पडणारच." मग ती आत गेली, बरनॉल घेऊन आली, नवऱ्याच्या मनगटाला लावलं आणि यशोवर्धनकडे न बघता म्हणाली, "भावजी, उद्यापासनं तुमचं तुम्ही सांगा. माझं झालं." तिचा आवाज चढलेला नव्हता. म्हणूनच दोघांना तो खरा वाटला.

ती आत गेल्यावर अंगणात दोघंच राहिले. दोघांच्याही लक्षात आलं की आता एकाला वर जायचं असेल तर दुसऱ्याला तसं सांगावं लागेल. तेवढ्यापुरतंसुद्धा कुणाला सुरुवात करवेना, म्हणून यशोवर्धन पाइप निवायची वाट पाहत बसला आणि मग स्वतःच गाडीखाली शिरला. त्यानं आट्यांवर तेलाचा फवारा मारला. जयसिंगराव चांगल्या हातात बॅटरी घेऊन शेजारी आडवे झाले.

"उजेड डावीकडे," यशोवर्धन म्हणाला.

उजेड डावीकडे गेला. बराच वेळ नुसतं तेल आटे भिजवत होतं. मग जयसिंगरावांनी विचारलं, "बाबांची पाटी गुजरीत, भंगारात दिलीस ना?"

"कुठली गुजरी? माझ्या खाटेखाली आहे. आश्लेषाला दर चार दिवसांनी लागते पायाला."

धाकट्यानं वडिलांचं नाव भंगारात घातलं हे जयसिंगरावांनी चार वर्षं जवळपास सगळ्या जे. पी. नगराला ऐकवलं होतं. एवढं सगळं परत घ्यायचं म्हणजे दारोदार फिरावं लागलं असतं. ते म्हणाले, "मला वाटलं गेली." यशोवर्धन म्हणाला, "विचारायचं." जयसिंगराव म्हणाले की तुझ्या वहिनीला विचारायला सांगणार होतो, पण तिला हे कसं सांगायचं ते कळेना. यशोवर्धननं सॉकेट लावलं आणि नळीवर भार टाकला. कर्र असा आवाज झाला आणि जुना सेन्सर सुटला. त्याचं टोक काजळीनं काळं कुळकुळीत झालं होतं. मागचा त्यामानानं लवकर निघाला.

यशोवर्धननं मागचा नवा सेन्सर आणून ठेवलाच होता, खोक्यात, सीलबंद. त्याच्या आट्यांना कारखान्यातूनच ग्रीस लावलेलं होतं. मग जयसिंगरावांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला आपला सेन्सर पुढं केला. तो एका गुजरीतून आणलेला, जुनाच, पॉलिश केलेला सेन्सर होता. यशोवर्धननं तो उलटा धरला. टोकाच्या भोकांतून काजळी डोकावत होती. ज्या भावाला भंगाराचा एवढा राग, त्यानं स्वतः भंगारातून सेन्सर आणला होता. असा विषय महिना-दोन महिने सहज पुरला असता.

पण मनगटावर पिवळं मलम लावून बॅटरी धरून पडलेल्या त्या माणसाकडे बघून यशोवर्धनला तो विषय काढवेना. ग्रीस संपलं, आणतो, म्हणून तो तो सेन्सर खिशात घालून स्कूटरवर गेला. परत आला तेव्हा खिशात नवा होता. तो त्यानं भावाच्याच वर्तमानपत्रात गुंडाळला होता.

जयसिंगरावांनी पुडी सोडली, सेन्सर उजेडात फिरवला आणि म्हणाले, "बघ. गुजरीतला आहे, पण कसा चकचकीत. नवे घेणारे मूर्ख असतात."

"सरी अण्णा," यशोवर्धननं होकार दिला आणि सेन्सर बसवला.

तारा जोडल्या, गुरुप्रसादनं शटर अर्धं वर करून स्कॅनर दिला, बिघाडाची जुनी नोंद पुसली आणि गाडी चालू केली. दिवा लागला नाही. धूर निघाला तो नजरेला दिसणार नाही असा. सोमवारी गाडी तपासणीत पास झाली. तिथल्या माणसानं काय बदललं विचारलं तेव्हा जयसिंगराव म्हणाले, पुढचा सेन्सर, आणि मागचाही म्हणायला विसरले.

घरात आता बोलणं सुरू झालं. कावेरीला वाटलं होतं, बोलायला लागले की शांतता होईल. पण शांतता तर ते बोलत नव्हते तेव्हा होती. आता चार वर्षांचं तुंबलेलं सगळं आधी बाहेर पडायचं होतं. बाबांच्या आजारपणात कोण किती रात्री दवाखान्यात होता इथपासून, लहानपणी कुणाचा भोवरा कुणी हरवला इथपर्यंत. तिचं जिन्याचं काम गेलं खरं, पण दुपारची झोपही त्याच्याबरोबर गेली. तरी एकदा ती गुपचूप वर जाऊन आली. पाटी खाटेखालून निघून दोघा भावांच्या मध्ये टेबलावर होती आणि ते तिच्यावरची धूळ पुसत होते. पुसता पुसता ती कुठं लावायची यावर वाद चालला होता. कावेरी आवाज न करता खाली आली आणि थोडा वेळ पायरीवर बसून राहिली. तिला हसू येत होतं, आणि पदरानं डोळेही पुसावे लागत होते.

नरसिंहरावांच्या गृहप्रवेशाला मांडव आणि खुर्च्या पहिल्यांदाच एका खेपेत निघाल्या. पुढच्या सीटवर यशोवर्धन चालवायला, पलीकडे जयसिंगराव आणि मध्ये, दोघांच्या कोपरांत, कावेरी. के. आर. पुरम येईपर्यंत ठीक होतं. मग जयसिंगराव म्हणाले की गाडी बघ कशी पळतेय, पुढचाच सेन्सर महत्त्वाचा असतो. यशोवर्धनचं मोठं मन इथपर्यंत टिकलं होतं, हेही कमी नव्हतं. तो म्हणाला, "अण्णा, तो तुझा नाहीच. तुझा मी गटारात टाकला."

त्यावर जयसिंगरावांना आधी वाईट वाटलं, मग राग आला, आणि मग भावानं आपल्यासाठी नवा आणला हे लक्षात आल्यावर जास्तच राग आला. माझी वस्तू विचारल्याशिवाय टाकलीसच कशी, असं ते कावेरीच्या डाव्या कानात म्हणाले. उत्तर उजव्या कानात आलं. पुढचा रस्ताभर तेच.

होसकोट्याच्या अलीकडे कावेरीनं गाडी थांबवायला सांगितली. दोघांना वाटलं तिला मळमळतंय. ती उतरली आणि मागच्या हौद्यात चढली. दोरी सैल करून तिनं वरची एक खुर्ची काढली, मांडवाच्या कापडांचे गठ्ठे होते त्यांच्यात घट्ट रोवली आणि बसली. मग छपरावर दोनदा थाप मारली, चला म्हणून. गाडी निघाली. केबिनमध्ये दोन हात हवेत वरखाली होताना मागच्या काचेतून दिसत होते. वाऱ्यामुळे ऐकू मात्र काहीच येत नव्हतं. तिनं पदर कानावरून घेतला आणि रस्त्याकडेची द्राक्षांचे मळे बघत बसली.